खात्रीबाईंचा मोकळा तास

हृदयरोग विभागातल्या त्या अरुंद खोलीत खात्रीबाई दिवसभर माणसांना एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारत. थकलेले असाल तेव्हा व्यायाम कराल याची किती खात्री? मन उदास असेल तेव्हा? घरात भांडण झालं असेल तेव्हा? पाहुणे येऊन ठाण मांडून बसले असतील तेव्हा? समोरच्याने शून्य ते शंभर यांमधला एक आकडा सांगायचा. शून्य म्हणजे अजिबात खात्री नाही, शंभर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाई आकडा लिहून घेत आणि पुढच्या प्रश्नाकडे वळत. हे नाव त्यांना कोणी ठेवलं कुणास ठाऊक, पण लिफ्टवाल्यापासून फिजिओसरांपर्यंत सगळे त्यांना त्याच नावाने ओळखत. खरं नाव घेऊन कोणी शोधत आलं, तर लिफ्टवाला 'अशा कोणी बाई इथे नाहीत' म्हणून त्याला परत पाठवी.

काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. प्रश्न लिहिलाय तसाच वाचायचा, एकाच सुरात, मोठ्याने आणि स्वच्छ, कारण निम्म्या लोकांना कमी ऐकू येई. समजावून सांगायचं नाही. मान हलवायची नाही. 'वा' म्हणायचं नाही आणि 'अरेरे' तर नाहीच नाही. सुरुवातीला सरावाचा प्रश्न असे: पाण्याची भरलेली बादली एक मजला चढवून नेता येईल याची किती खात्री? तीन मजले? दहा मजले? आकडा हळूहळू उतरायला हवा, म्हणजे माणसाला मोजपट्टी समजली. पण छातीला नुकतेच टाके पडलेले गृहस्थसुद्धा दहाव्या मजल्यावर शंभर खात्रीने बादली नेत, आणि खात्रीबाई भिंतीसारखा चेहरा ठेवून ती वर पोचवून घेत.

कारण सगळ्यांना ती परीक्षा वाटे. शाळा सुटून जन्म लोटला तरी आकडा म्हटला की माणसाला मार्कच दिसतात, त्याला कोण काय करणार? बायका मागून नवऱ्याला ढोसत, "अहो, चाळीस काय सांगताय, बरं दिसत नाही." एकाने तर घासाघीस केली होती, "सत्तर लिहिलेत? बाई, पंच्याहत्तर करून टाका ना."

आणि इथेच सगळी गंमत होती. गंमत कसली, चीड यावी अशी गोष्ट होती. विभागात सकाळी आठ ते नऊ, आठवड्यातून तीन दिवस, व्यायामाचा एक वर्ग चाले. फिजिओसर स्वतः समोर उभे राहून व्यायाम करून घेत, छातीवर तारा लावून ठोके बघत, आणि वर्ग संपला की विभागाची गाडी एकेकाला घरी सोडून येई. जागा मोजक्या. त्या जागा ज्यांचे आकडे सगळ्यांत कमी, त्यांना मिळत. शंभरवाल्याला हात मिळवून, कागदावर व्यायाम लिहून देऊन घरी पाठवत. त्याला पक्की खात्री आहे, त्याला वर्ग कशाला? हे रुग्णाला आधी सांगायला सक्त मनाई होती. सांगितलं असतं तर सगळेच शून्यावर येऊन बसले असते. म्हणून ज्यांना वर्गाची खरी गरज होती, तेच लोक चांगले मार्क मिळवून, खूश होऊन, घरी जाऊन पलंगावर पडत. खात्रीबाईंनी असे कितीतरी पाहिले होते. त्यांनी कधी ताकास तूर लागू दिली नाही. नियम म्हणजे नियम.

मग त्यांच्याच घरात हे दुखणं आलं.

खात्रीबाईंचे यजमान म्हणजे कवायतीचे मास्तर. उभी हयात शाळेतल्या पोरांना मैदानाभोवती पळवण्यात गेली. पोट सुटलेल्या माणसाकडे ते अशा नजरेने बघत की समोरचा आपोआप पोट आत घेई. त्या माणसाला झटका आला. उपचार झाले, शिरा मोकळ्या झाल्या, डॉक्टर म्हणाले, "मास्तर, आता चालायला लागा, भरपूर चाला." मास्तर घरी येऊन दारासमोरच्या खुर्चीत बसले ते बसलेच. दाराला कडी लावू देईनात. का, तर आपण पडलो तर लोकांना दार तोडावं लागू नये. घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. तपासणीला जायचं तेवढंच ते जिना उतरत, तेही बाईंच्या खांद्यावर पंजा रोवून. फिरायला जायचं काढलं की म्हणत, "उद्यापासून. आज जरा हवा कोंदट आहे." हवा बिचारी रोज कोंदट.

आणि त्यांच्याबरोबर खात्रीबाईही अडकल्या. कामावर जायला मास्तरांची हरकत नव्हती, पण तासातासाला फोन.

"कुठे आहेस?"

"खोलीत. अजून कुठे असणार?"

"किती वाजता निघशील?"

एकदा बस चुकली. घरी पोचतात तर मास्तर घामाने निथळत खुर्चीत बसलेले, हातात फोन घट्ट धरलेला, आणि शेजारच्या काकू वर्तमानपत्राने वारा घालताहेत. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा हृदयाचा घाम नाही, भीतीचा आहे. पण घाम कसलाही असला तरी पुसायचा बाईंनाच. तेव्हापासून येताना वाटेत एखाद्या दुकानाच्या काचेपुढे उभं राहायचंही त्यांनी सोडलं. घर, बस, खोली, बस, घर. लेक दूरच्या शहरातून फोनवर सांगे, "आई, तू पण जरा चालत जा गं, तुझे गुडघे धरतील." लेकीला सांगायला काय जातं?

दिवसभर लोकांना व्यायामाचं विचारणाऱ्या या बाईला स्वतःची बसच्या थांब्यापेक्षा लांब अशी चाल उरली नव्हती. लग्नाआधी त्या भरभर चालत, बरोबरच्या मैत्रिणी मागून ओरडत. आता त्यांना आठवड्यातून तीन दिवस एक तास हवा होता. मास्तर वर्गात, दुसऱ्या कोणाच्यातरी डोळ्यांसमोर, तारा लावलेले, सुरक्षित; आणि आपण रस्त्यावर. कुठे जायचं? कुठेही नाही. नाकासमोर चालत सुटायचं, निम्मा तास झाला की मागे वळायचं, नऊला कामावर हजर. कोणी 'कुठे आहेस' विचारणार नाही. मास्तरांनी बरं व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतंच. पण खरं बोलायचं तर त्या जागेसाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता तो या तासासाठी. ज्याला हे स्वार्थाचं वाटेल त्याने वर्षभर असं घर सांभाळून बघावं, मग बोलावं.

मास्तरांची विचारणा ठरली. घरच्या माणसाला विचारायची बाईंना परवानगी नव्हती. ते काम त्यांच्या हाताखाली शिकलेल्या चष्मेवालीकडे गेलं. आदल्या आठवड्यात कितीदा तरी शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आले, की अहो, कमी सांगा. पण सांगून उपयोग काय झाला असता? 'मला नापास व्हायला सांगतेस?' म्हणून मास्तरांनी घर डोक्यावर घेतलं असतं. शेवटी जिना उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "खरं तेच सांगा हं."

"मी कधी खोटं बोललोय?" मास्तर म्हणाले आणि कठडा पकडून थांबले. दम लागला नव्हता. नुसतेच थांबले.

खोलीच्या मधोमध प्लायवूडची फळी होती. अलीकडे खात्रीबाई बसत, पलीकडे चष्मेवाली. बाईंनी मास्तरांना पलीकडे बसवलं आणि आपल्या बाजूला येऊन उगाच कागद सारखे करत बसल्या.

"थकलेले असाल तेव्हा?" पलीकडून चष्मेवालीचा आवाज आला. सूर अगदी बाईंनी शिकवला तसा.

"शंभर."

"एकट्याने बाहेर पडावं लागलं तर?"

"शंभर."

"छातीत काही होईल अशी भीती वाटत असेल तेव्हा?"

बाईंच्या हातातला कागद हातातच राहिला.

"शंभर," मास्तर म्हणाले. मैदानावर आज्ञा द्यावी तसे म्हणाले. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी त्याच आवाजात निकालात काढले, आणि पाण्याची बादली तर आधीच दहाव्या मजल्यावर नेऊन ठेवली होती.

आता एकच गोष्ट शिल्लक होती. रुग्ण वजनासाठी काढलेले बूट परत घालत असताना, त्याच्यासोबत आलेल्या माणसाला एक प्रश्न विचारायची विभागाची पद्धत होती. त्याचा आकडा रुग्णाच्या आकड्यांत धरत नसत. पण दोघांत फारच तफावत पडली, तर फिजिओसर रुग्णाला दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला लावत, आणि तेव्हा सोबतच्या माणसाने इमारतीबाहेर थांबायचं असा दंडक होता. हे खात्रीबाईंइतकं कोणाला ठाऊक असणार?

चष्मेवाली फळीच्या अलीकडे आली. ओशाळून म्हणाली, "ताई, तुम्हालाही विचारावं लागेल. विचारू?"

"वाच की. लिहिलंय तसं."

"तुमचा रुग्ण पुढचे तीन महिने नियमित व्यायाम करील, याची तुम्हाला किती खात्री आहे?"

"शून्य," खात्रीबाई म्हणाल्या.

हळू म्हणायला हवं होतं. पण इतकी वर्षं कमी ऐकणाऱ्यांसाठी घासून पुसून तयार केलेला आवाज. त्या खोलीत बसलं की तोंडातून तोच निघे, मोठा, स्वच्छ आणि कोरडा. फळीपलीकडे बुटांची खुडबुड चालली होती, ती थांबली.

बसमध्ये मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले. जिन्यावर त्यांनी खांद्यावर हात ठेवला, पण पंजा रोवला नाही; परक्याच्या खांद्यावर ठेवावा तसा ठेवला. बाईंना ते फार लागलं. संध्याकाळी चहाचा कप पुढे केला तेव्हा मास्तर खुर्चीतून म्हणाले,

"शून्य?"

"हो."

"अगं, पन्नास तरी म्हणायचंस. नापासातसुद्धा काही इभ्रत असते."

बाईंना हसू फुटलं आणि लगेच डोळे भरून आले. त्या खाली जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही तरी सगळीकडे शंभर कशाला ठोकलेत? चार पावलं चाललात का इतक्या महिन्यांत? निघताना म्हणालात कधी खोटं बोलत नाही म्हणून."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"फळीपलीकडे तू होतीस," ते म्हणाले. "प्रत्येक शब्द तुला ऐकू जाणार होता. तुझं ऑफिस ते. तिथे तुझ्यादेखत मी काय सांगू? की मला जिन्याची भीती वाटते? खाली उतरताना प्रत्येक पायरीवर वाटतं, आता बंद पडणार. पोरांना पळवणारा माणूस मी. तू दिवसभर राबून येतेस, वर हे भित्रं ओझं. निदान तुला ऐकायला तरी शंभर असू देत, म्हटलं."

हे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. हवा कोंदट आहे, पाय दुखतो, उद्या बघू, यातच महिने गेले होते. बाईंनी त्यांचा हात धरला. हात गार होता. त्यांना मास्तरांची फार माया आली, आणि त्याच वेळी डोक्यात दुसरीकडे हिशेब चालूच होता: तफावत पडली, आता पुन्हा विचारतील, आणि पुन्हा विचारलं की जागा मिळेल. माणसाचं मन असं दोन्हीकडे चालतं, त्याला इलाज नाही.

"पुन्हा विचारणार आहेत," त्या म्हणाल्या. "मी बाहेर असेन, पार फाटकापाशी. मला काही ऐकू येणार नाही. हे सांगितलंत ना मला, तसंच सांगा."

दुसऱ्या दिवशी खात्रीबाई फाटकाशी उन्हात उभ्या राहिल्या. भिंतीला टेकून, पदर डोक्यावर घेऊन, आत काय चाललं असेल ते मनात म्हणत. थकलेले असाल तेव्हा. एकट्याने बाहेर पडावं लागलं तर. ते प्रश्न त्यांना झोपेतही पाठ होते. फक्त ते किती लांबलचक आहेत हे आज पहिल्यांदा कळलं. शेवटी चष्मेवाली मास्तरांना लिफ्टने खाली घेऊन आली. मास्तरांचा चेहरा उतरला होता, पण पाठ ताठ होती.

"सांगितलं," ते म्हणाले. "सगळं खरं. वीस, दहा, शून्य, शून्य. लाज वाटली, पण पहिल्या दोन-चारांपुरतीच. मग बरं वाटलं." आणि मग जरा आढ्यतेने, "फक्त एका ठिकाणी शंभर. तोही खरा."

"कुठे?"

"तो एक प्रश्न होता बघ. घरचं माणूस डोळ्यांसमोर असेल तेव्हा."

खात्रीबाईंना पुढचं सगळं तिथेच दिसलं. मास्तरांना काय कळणार? पण बाईंनीच चष्मेवालीला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, विभागाची सगळी रीत एका वाक्यात: आकडे कमी असले की जागा द्यायची, आणि जिथे एकच आकडा मोठा असेल, तोच आधार धरून व्यायाम बांधायचा. एखाद्याचा आकडा मित्राबरोबर मोठा, तर मित्राला बोलवायचं. एखाद्याचा गाण्याबरोबर मोठा, तर गाणं लावायचं. त्या रीतीने कितीतरी माणसं हिंडूफिरू लागली होती. रीत चांगलीच होती.

फिजिओसरांनी दोघांना आत बोलावलं. हसून म्हणाले, "मास्तर, तुमची जागा पक्की. सोमवारपासून या." मग बाईंकडे वळले. "आणि खात्रीबाई, तुम्हाला वेगळं सांगायला नकोच. यांचा आधार कुठे आहे ते आकड्यानेच सांगितलं. तळमजल्यावरच्या हॉलच्या दाराला काच आहे, त्यासमोर बाक आहे. तिन्ही दिवस आठ ते नऊ तुम्ही तिथे बसायचं. यांना दिसेल असं."

"तिन्ही दिवस?" बाई म्हणाल्या.

"का? आठ ते नऊ तुम्हाला काही काम असतं का?"

त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं. मास्तरही बाईंकडे बघू लागले. त्यांच्या डोळ्यांत कितीतरी महिन्यांनी काहीतरी उजळलं होतं. शाळेच्या मैदानावर असायचं तसं. बाईंना सांगायचं होतं, की हो, असतं. मला चालायचं असतं. एकटीने, भरभर, कोणाच्याही नजरेआड. एवढं साधं वाक्य. लिहून दिलं असतं तर त्यांनी ते मोठ्या, स्वच्छ आवाजात वाचून दाखवलं असतं. पण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "काम कसलं?"

सोमवारी वर्ग सुरू झाला. मास्तरांच्या छातीवर तारा लावल्या. पहिली फेरी त्यांनी भिंत धरून घातली, दुसरी भिंतीला बोटं लावून. तिसऱ्या फेरीला त्यांचे हात आपोआप सुटले आणि खांदे मागे गेले, आणि फिजिओसरांनी टाळी वाजवली. दर फेरीला दारापाशी आले की मास्तर काचेतून बाहेर बघत. बाकावर बाई दिसल्या की पुढे जात. बाईंना आनंद झाला, खोटं कशाला सांगा. हा माणूस चालतोय. आणि बसल्या जागी त्यांना स्वतःचे पाय जाणवू लागले, पोटऱ्यांपासून तळव्यांपर्यंत, नुसते भरून आल्यासारखे.

समोर बोळ होता. बोळाच्या टोकाला दार उघडं होतं आणि बाहेर ऊन पडलं होतं. बाई उठल्या. त्यांनी काही ठरवलं नव्हतं. पाच-सहा पावलं गेल्या असतील, लग्नाआधीच्या त्या भरभर चालीने, एवढ्यात मागे हॉलमधला बुटांचा आवाज थांबला.

"मास्तर? मास्तर, थांबलात का? चक्कर येतेय का?" आतून फिजिओसर विचारत होते. मग दार किंचित उघडून त्यांनी डोकं बाहेर काढलं. "खात्रीबाई, जरा बसता का जागेवर? ठोके एकदम चढले."

त्या मागे वळल्या. बाकावर येऊन बसल्या, काचेच्या बरोब्बर समोर, आणि मास्तरांना नीट दिसावं म्हणून मान वर केली. काचेपलीकडे मास्तर हसले. मग बूट पुन्हा वाजायला लागले.